मागण्याची जागा

१

दान हा शब्द आपल्या भाषेत इतका जुना आहे की त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे आपण गृहीतच धरतो. अन्नदान, भूदान, विद्यादान, रक्तदान, नेत्रदान असे कितीतरी सामासिक शब्द आपण सहज उच्चारतो आणि त्या सगळ्यांत 'दान' या पदाचा अर्थ एकच असावा असे मानून चालतो. वस्तुतः तसे नाही. अन्न देणाऱ्याजवळ देण्यापूर्वी अन्न असते आणि दिल्यानंतर तो स्वतः उरतो. भूमी देणाराही उरतो. रक्त देणाऱ्याचे रक्त काही दिवसांत भरून येते. परंतु मेंदू मृत झालेल्या माणसाचे हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड जेव्हा दुसऱ्याच्या देहात रुजवले जाते, तेव्हा दाता कोण, हा प्रश्न व्याकरणालाही अडचणीत टाकतो. ज्याचा अवयव दिला जातो, तो देण्याच्या क्षणी काहीच करू शकत नाही. जे देतात, त्यांचा तो अवयव नसतो. या क्रियापदाला दोन कर्ते आहेत आणि दोघेही अपुरे आहेत.

या अपुरेपणामुळेच अवयवदानाचा प्रश्न केवळ वैद्यकाचा किंवा कायद्याचा राहत नाही, तो नीतीचा होतो. दोन अपुऱ्या कर्त्यांना जोडणारे असे काहीतरी मध्ये असावे लागते. ते काय असते? मला वाटते, तो एक प्रश्न असतो, कोणीतरी कोणालातरी विचारलेला. तो कोणी विचारावा, केव्हा विचारावा, आणि विशेषतः कोठे विचारावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्याला निमित्त झाले ते चंदीगडमधील सेक्टर ३२.

२

एप्रिल २०१५ मध्ये पंजाबातील घुमान येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८वे अधिवेशन भरले होते. नामदेवांनी आयुष्याचा उत्तरकाळ ज्या भूमीत घालवला असे परंपरा मानते, ज्यांच्या ६१ पदांना गुरु ग्रंथसाहिबात स्थान मिळाले, त्या संतकवीच्या गावी मराठी लेखक-वाचक हजारोंच्या संख्येने गेले होते. परतीच्या वाटेवर मी दोन दिवस चंदीगडला थांबलो. तेथे माझे एक जुने स्नेही राहतात. साहित्याचेच अध्यापक, पंजाबी, आता निवृत्त. त्यांनी मला शहर दाखवले आणि दाखवता दाखवता त्याची गोष्टही सांगितली.

चंदीगड हे तसे पाहता एका विच्छेदनातून जन्मलेले नगर. १९४७ साली पंजाबचे दोन तुकडे झाले आणि लाहोर सीमेपलीकडे गेले. राजधानी हरपलेल्या एका प्रांतासाठी नवी राजधानी उभारावयाची होती. आल्बर्ट मायर आणि मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा केला; १९५० मध्ये नोविकी विमान-अपघातात गेले आणि पुढल्या वर्षी हे काम ल कॉर्बूझिएकडे आले. त्याने नगराची कल्पना मानवी देहाच्या रूपात केली, हे आता सर्वश्रुत आहे. उत्तरेकडील कॅपिटल संकुल हे मस्तक, सेक्टर १७ मधील नगरकेंद्र हे हृदय, हिरव्या मोकळ्या जागा ही फुप्फुसे, आणि रस्ते म्हणजे रक्ताभिसरण. पहिल्या टप्प्यात ३० सेक्टर दीड लाख लोकांसाठी, दुसऱ्या टप्प्यात ३१ ते ४७ हे सेक्टर आणखी साडेतीन लाखांसाठी, असा हिशेब होता. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती साडेदहा लाखांवर गेली होती. आराखड्यातला देह आणि प्रत्यक्षातला देह यांत असे अंतर पडतच असते.

सेक्टर ३२ हा त्या दुसऱ्या टप्प्यातला. तेथे १९९१ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. चंदीगडचे नाव वैद्यकात ज्या संस्थेमुळे झाले ती पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, लोकांच्या तोंडी 'पीजीआय', ही सेक्टर १२ मध्ये आहे. तेथे १९७० च्या दशकापासून मूत्रपिंडांचे प्रत्यारोपण होत आले आहे आणि उत्तर भारतातील अवयवदानाच्या समन्वयाचे प्रादेशिक केंद्रही तिच्याकडेच आहे. पश्चिम भारतासाठी तेच काम मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय करते. पंजाब, हरियाणा, हिमाचल अशा तीन-चार राज्यांचे रुग्ण पीजीआयकडे येतात. तिच्यावरचा भार काही अंशी वाहणारे सार्वजनिक रुग्णालय म्हणून सेक्टर ३२ कडे पाहिले जाते.

संध्याकाळी आम्ही त्या रुग्णालयाच्या बाजूने चाललो होतो. झाडांच्या सावलीत वळकट्या, पाण्याच्या बाटल्या, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन बसलेली माणसे होती. भारतातील कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाबाहेर दिसणारे ते दृश्य. स्नेह्यांनी मला विचारले, "समजा, येथे अवयव-प्रत्यारोपणासाठी एक स्वतंत्र इमारत बांधायची ठरली आणि तिचा नकाशा तुमच्यापुढे ठेवला, तर साहित्याचे अभ्यासक म्हणून तुम्ही त्यात काय शोधाल?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. या गृहस्थांच्या देहात त्यांच्या पत्नीचे मूत्रपिंड आहे. मी त्या वेळी काहीतरी सर्वसाधारण उत्तर दिले. खरे उत्तर मला ठाऊक होते. ते देण्याचे धैर्य नव्हते.

३

ते उत्तर द्यावयाचे तर मागे जावे लागेल.

१९९७ च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ मोटारसायकलच्या अपघातात सापडला. तो एकतीस वर्षांचा होता. ज्या रुग्णालयात त्याला नेले त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण डॉक्टर अतिदक्षता विभागाच्या दारातून बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितले की भावाचा मेंदू मृत झाला आहे, यंत्रामुळे श्वास चालू आहे, आणि कुटुंबाची इच्छा असेल तर त्याची मूत्रपिंडे दोन रुग्णांना देता येतील. ते थकलेले होते. त्यांच्या बोलण्यात औद्धत्य नव्हते, परंतु थांबण्याइतका वेळही नव्हता. आम्ही उभे होतो तो बोळ. एक ढकलगाडी जाऊ द्यावी म्हणून आम्ही दोघेही बोलता बोलता भिंतीला चिकटलो. जिन्याखाली माझी आई एका पिशवीवर डोके टेकून बसली होती. तिच्यापर्यंत हे शब्द पोचू नयेत एवढीच चिंता मला त्या क्षणी होती.

मी 'नाही' म्हटले. कारण विचारले असते तर मला सांगता आले नसते. धार्मिक कारण नव्हते. मी त्या अर्थाने धार्मिक नाही. अज्ञानही नव्हते, मेंदूमृत्यूचा कायदा झाल्याचे मी वाचले होते. त्याची छाती वरखाली होत होती, हात ऊबदार होता, आणि उभ्या उभ्या दिलेल्या एका उत्तराने मी त्याला मृत ठरवणार होतो. ते माझ्याने झाले नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते आत गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे सारे संपले.

आईला मी हे कधी सांगितले नाही. पुढे दहा-बारा वर्षांनी, मुंबईत एका मुलाच्या अवयवांनी काही रुग्ण वाचल्याची बातमी तिने वर्तमानपत्रात वाचली. चष्मा काढून ती म्हणाली, "आपल्याला कुणी विचारलंच नाही रे. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. त्याचं काहीतरी कुठेतरी राहिलं असतं." मी वर्तमानपत्राची घडी घातली. ती गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिचे डोळे दिले. ते संमतिपत्र मी एका टेबलाशी, खुर्चीवर बसून भरले, आणि तेव्हा प्रथम माझ्या ध्यानात आले की १९९७ मध्ये मला कोणी बसावयास सांगितले नव्हते.

४

येथे थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे, कारण माझ्या व्यक्तिगत अनुभवामागे एका समाजाचा अनुभवही आहे.

मानवी अवयवाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये झाले. जुळ्या भावांपैकी एकाने दुसऱ्याला मूत्रपिंड दिले होते. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी हृदय बदलले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला. सेन यांच्या साहसाचे कौतुक होते आणि ते योग्यही आहे. परंतु त्या दिवशी मेंदूमृत्यूची सर्वमान्य व्याख्या जगात कोठेच नव्हती, हे आपण विसरतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीचा प्रसिद्ध अहवाल त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला. म्हणजे मृत्यूच्या व्याख्येआधी शस्त्रक्रियेचे कौशल्य येऊन पोचले होते. पुढे १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिनसारखी औषधे आली आणि परका अवयव देहाने नाकारण्याची आपत्ती बरीच आटोक्यात आली. प्रत्यारोपण हा नित्याचा उपचार झाला आणि त्याबरोबरच मूत्रपिंडांचा बाजारही फोफावला. गरजू माणसे आपले मूत्रपिंड विकत आणि सधन माणसे ते घेत. भारतातील या राजरोस व्यापाराने आपल्या नैतिक आत्मसंतुष्टतेला जबर धक्का दिला.

'मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा' १९९४ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून अमलात आला. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे तो प्रारंभी केवळ महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन राज्यांना आणि सर्व केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला. म्हणजे मुंबई, पणजी आणि चंदीगड ही शहरे या नव्या नीतिव्यवस्थेत एकाच दिवशी शिरली. या कायद्याने दोन गोष्टी केल्या. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला आणि मेंदूमृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता दिली. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तो प्रमाणित करावयाचा असतो. २०११ च्या दुरुस्तीने आणखी एक मोलाची गोष्ट केली: नातेवाइकांना विचारणे हे कर्तव्य ठरवले आणि त्यासाठी प्रत्यारोपण-समन्वयक हे पद रुग्णालयांना बंधनकारक केले.

विचारणे हे कर्तव्य ठरले. परंतु विचारणे म्हणजे काय, हे कायदा सांगू शकत नाही.

५

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची जी लक्षणे सांगितली आहेत ती या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगी आहेत. द्यावयास हवे म्हणून दिलेले; ज्याच्याकडून परतफेडीची शक्यता नाही त्याला दिलेले; आणि योग्य देश, काळ व पात्र पाहून दिलेले, ते सात्त्विक दान. मृताच्या अवयवदानाला पहिली दोन लक्षणे तंतोतंत लागू पडतात. ज्याला अवयव मिळतो त्याचे नावही देणाऱ्या कुटुंबाला सांगितले जात नाही; तेव्हा परतफेडीचा प्रश्नच उद्भवत नाही. पात्रतेचा निर्णय प्रतीक्षायादी आणि रक्तगट करतात. काळाचे बंधन तर निर्दय आहे. देहाबाहेर काढलेले हृदय चार तासांच्या आसपास, यकृत साधारण बारा तास, मूत्रपिंड एखादा दिवस टिकते. उरतो तो 'देश'. भाष्यकारांनी देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखे पुण्यस्थान असा अर्थ लावला आहे. (कुरुक्षेत्र चंदीगडपासून शंभरएक किलोमीटरवर आहे.) दानाला स्थानाची अपेक्षा असते, हे आपल्या परंपरेने ओळखले होते. आपण मात्र या शब्दाकडे कर्मकांडाचा अवशेष म्हणून पाहिले आणि तो सोडून दिला.

स्थानाची अपेक्षा का असावी? कारण दान ही वस्तूची हालचाल नसते, ती माणसांमधली घटना असते. मार्सेल मॉस या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये दानावर जो निबंध लिहिला त्यात देणे, स्वीकारणे आणि परत देणे अशी तीन बंधने सांगितली आहेत. निव्वळ मोफत अशी भेट कोणत्याही समाजात नसते, असे त्याचे प्रतिपादन. या विचाराचा धागा पुढे नेऊन रेने फॉक्स आणि ज्यूडिथ स्वेझी या दोन अमेरिकन अभ्यासिकांनी प्रत्यारोपणाच्या संदर्भात 'दानाच्या जुलूमशाही'विषयी लिहिले. ज्याची परतफेड अशक्य आहे अशा देणग्या माणसाला दबवतात, असे त्यांना आढळले. चंदीगडचे माझे स्नेही हेच निराळ्या शब्दांत सांगत होते. पत्नीशी साधे भांडणही आता मोकळेपणाने करता येत नाही, असे ते म्हणाले. त्या स्वयंपाकघरातून उत्तरल्या, "मी तर करते." आम्ही तिघेही हसलो, पण त्या हसण्याखाली काहीतरी होते. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष. आई, पत्नी, बहीण यांना 'देशील का?' असे क्वचितच विचारले जाते. त्या देतील असे गृहीत धरले जाते. न विचारता मिळालेल्या संमतीला संमती म्हणावे काय, हा प्रश्न आपल्या कुटुंबसंस्थेने अद्याप स्वतःला विचारलेला नाही.

कांटने १७९७ च्या आपल्या नीतिशास्त्रीय ग्रंथात एक उदाहरण दिले आहे. दुसऱ्याच्या जबड्यात बसवण्यासाठी आपला दात देऊन टाकणे किंवा विकणे हा त्याच्या मते अंशतः आत्मघात होय. त्याच्या काळी असे व्यवहार होत. आज आपण हे मत स्वीकारणार नाही. परंतु त्यामागील चिंता टाकाऊ नाही. माणूस हा आपल्या देहाचा मालक नव्हे. देह ही बाळगलेली वस्तू नसून माणूसपण ज्यात वसते ते आहे, अशी ती चिंता आहे. अवयवदानाचे समर्थन करणारे पुष्कळदा देहाला 'जळून राख होणारी वस्तू' म्हणतात. मला हा युक्तिवाद नेहमीच अपुरा, किंबहुना घातक वाटत आला आहे. देह जर वस्तूच असेल तर तो विकण्यात गैर काय, याचे उत्तर त्याला देता येत नाही. आपण अवयव देऊ शकतो ते देह तुच्छ आहे म्हणून नव्हे, तो मोलाचा आहे म्हणून. माझ्या आईला हे तत्त्वज्ञान न शिकता ठाऊक होते. मुलाचे 'काहीतरी कुठेतरी' राहावे असे तिला वाटले, ते त्याचा देह तिला राख वाटत नव्हता म्हणूनच.

६

आता सेक्टर ३२ च्या त्या कल्पित इमारतीकडे वळू. तिच्याविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेता येईल आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्वतंत्र शस्त्रक्रियागृहे, संसर्गापासून जपणाऱ्या खोल्या, ऊतींची जुळणी पाहणारी प्रयोगशाळा, रक्तपेढी, रात्रंदिवस सज्ज असलेले पथक आणि पुढे रुग्णाला जन्मभर पुरवावी लागणारी औषधे, हे सारे खर्चाचे काम आहे. त्याच पैशात कित्येक गावांना स्वच्छ पाणी मिळेल, कित्येक बाळंतिणी वाचतील. थोड्यांच्या जीवनासाठी अनेकांच्या आरोग्याचा वाटा खर्ची घालावा काय?

उपयुक्ततेच्या हिशेबाने या आक्षेपाला निर्णायक उत्तर नाही, हे मी मान्य करतो. न्यायाच्या दृष्टीने मात्र एक उत्तर संभवते. मेंदूमृत्यू बहुधा कोठे होतात? रस्त्यावरच्या अपघातानंतर जखमी माणसे जेथे आणली जातात त्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत. दुचाकीवरून पडलेला मजूर, ट्रकखाली सापडलेला शेतकरी यांचे नातेवाईक तेथे असतात. प्रत्यारोपणाची सोय मात्र केवळ महागड्या खाजगी रुग्णालयांत असेल, तर जे देतात त्यांना घेण्याची संधी कधीच मिळणार नाही. १९९४ च्या कायद्याने बाजार बंद केला. परंतु पैसा न घेता गरिबांनी द्यावे आणि पैसा असणाऱ्यांनी घ्यावे, हा प्रवाह त्याने आपोआप उलटत नाही. दानाच्या नावाखाली तो अधिकच पवित्र दिसू लागतो. म्हणून प्रत्यारोपण करावयाचेच असेल तर ते सार्वजनिक रुग्णालयातही झाले पाहिजे. ज्या प्रांगणात वळकटी घेऊन बसलेल्या माणसाला देण्याविषयी विचारले जाते, त्याच प्रांगणात त्याला घेण्याचाही अधिकार असला पाहिजे.

या संदर्भात पंजाबची भूमी आपल्याला काही शिकवू शकते. फाळणीत पेशावरहून निर्वासित म्हणून आलेले जगदीश लाल आहुजा यांनी पीजीआयच्या बाहेर वर्षानुवर्षे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी लंगर चालवला. त्यासाठी आपली मालमत्ता विकली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२१ मध्ये ते निवर्तले. लंगरात दाता आणि याचक असा भेद राहत नाही, कारण आज वाढणारा उद्या त्याच पंगतीला बसतो. वारकऱ्यांच्या काल्याचाही आशय याहून निराळा नाही. नामदेवांना पंजाबात परकेपणा का वाटला नसावा, याचे एक उत्तर कदाचित येथे असेल. दानाचा भार हलका होतो तो परतफेडीने नव्हे, एका पंगतीत बसण्याने.

७

मग नकाशात काय शोधावे?

जगात मृतांकडून मिळणाऱ्या अवयवांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांत स्पेन अग्रेसर आहे. तेथे दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला चाळिसांहून अधिक दाते मिळतात. भारतात हे प्रमाण एकाहूनही कमी आहे. स्पेनच्या १९७९ च्या कायद्याप्रमाणे, नकार नोंदवलेला नसेल तर संमती आहे असे मानता येते. परंतु तेथील जाणकारच सांगतात की यश आले ते कायद्याने नव्हे. ते आले १९८९ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिल्यानंतर, प्रत्येक रुग्णालयात समन्वयक नेमल्यानंतर आणि दुःखात असलेल्या माणसांशी कसे बोलावे याचे शिक्षण त्यांना दिल्यानंतर. कायद्याने संमती गृहीत धरली असतानाही ते लोक कुटुंबाला विचारतात आणि कुटुंबाचा नकार मानतात. आपल्याकडे अवयवदान कमी होते याचे खापर आपण अंधश्रद्धेवर फोडतो. अंधश्रद्धा आहे, परंतु तिच्याआड एक अधिक अवघड सत्य लपते. आपण लोकांना नीट विचारत नाही.

म्हणून त्या नकाशात मी एक खोली शोधेन. ती शस्त्रक्रियागृहाजवळ नसावी. प्रत्यारोपणाची वाट पाहणारे रुग्ण आणि ज्यांचे माणूस चालले आहे असे नातेवाईक यांची दारे वेगळी असावीत. घेणाऱ्याची आशा देणाऱ्याच्या शोकावर पडू नये. मृत्यू प्रमाणित करणारे डॉक्टर आणि अवयवाची वाट पाहणारे डॉक्टर यांच्यात जे अंतर नीतीला अभिप्रेत आहे, ते भिंतींनाही ठाऊक असावे. त्या खोलीत खुर्च्या असाव्यात, पाणी असावे, दार लावता यावे. जिन्याखाली बसलेल्या म्हातारीलाही आत बोलावून बसवण्याइतकी ती मोठी असावी. आणि विचारणाऱ्याला थांबता येईल इतका वेळ त्याच्या कामाच्या व्यवस्थेत राखून ठेवलेला असावा, कारण वेळेवाचून जागा ही नुसती खोली राहते.

आणखी एक गोष्ट. ती खोली 'हो' मिळवण्याचे यंत्र होऊ नये. तिच्यात 'नाही' म्हणणाऱ्यालाही शरमेने बाहेर पडावे लागू नये. ज्या प्रश्नाला एकच उत्तर योग्य आहे असे विचारणारा आधीच मानून चालतो, तो प्रश्न नसतो, मागणी असते; आणि मागणीला दिलेला प्रतिसाद दान ठरत नाही. काही घरे नकार देतील. त्या नकारामुळे कोठेतरी कोणी मरेल, हेही खरे आहे. हे दोन्ही एकाच वेळी मान्य करण्याइतके बळ त्या संस्थेत असले पाहिजे. ज्या केंद्राला हे जमत नाही ते कितीही कार्यक्षम असले तरी लोकांचा विश्वास त्यावर बसणार नाही, आणि विश्वासाशिवाय येथे एकही अवयव मिळत नाही.

माझ्या त्या 'नाही'कडे मी आज कसा पाहतो? ते पाप होते असे मला वाटत नाही. मृत्यूच्या दारात गोंधळलेल्या माणसाला कोणी पापी ठरवू नये. परंतु ते उत्तर एकट्या माझे नव्हते, आणि मी ते एकट्यानेच दिले. ज्या स्त्रीने त्याला जन्म दिला ती वीस पावलांवर बसली होती. तिला विचारले गेले नाही. डॉक्टरांनी तिला विचारले नाही, कारण तशी जागा नव्हती. मी विचारले नाही, कारण तिला वाचवत आहे असे मला वाटले. तिला आपण काय नाकारले हे समजावयास मला बारा वर्षे लागली आणि समजल्यावरही तिला सांगता आले नाही. दोन अनोळखी माणसे त्या वर्षी कदाचित वाचली असती. त्यांचा विचार मी करतो. पण त्यांच्याहून अधिक मला आठवते ते तिचे वाक्य, की आपल्याला कुणी विचारलेच नाही.

चंदीगडच्या स्नेह्यांना मी हे सारे पत्राने कळवले, संमेलनानंतर बऱ्याच काळाने. त्यांचे उत्तर चार ओळींचे होते. त्यात त्यांनी लिहिले होते की पत्नीने मूत्रपिंड देण्यापूर्वी तिला आपण कधी नीट विचारलेच नव्हते. पत्र वाचल्यावर, इतक्या वर्षांनी, तिला स्वयंपाकघरातून बोलावून खुर्चीवर बसवले आणि विचारले. ती काय म्हणाली, ते त्यांनी लिहिले नाही, आणि मीही विचारले नाही.